गंगाखेडची दहा पोटं

"बनी तो बनी, नहीं तो परभणी," असं आमच्या विभागातल्या एका मित्राने मला स्टेशनवर निरोप देताना ऐकवलं आणि स्वतःच मोठ्याने हसला. मीही हसले, कारण मला वाईट वाटलंय हे त्याला कळू द्यायचं नव्हतं.

मी पुण्याच्या एका रुग्णालयात एक्स-रे आणि सोनोग्राफी बघते. नव्वद सालच्या आगेमागे सोनोग्राफीची यंत्रं तालुक्याच्या गावी पोचायला लागली. तिथे आमच्यासारखे तज्ज्ञ नव्हते, म्हणून ऑपरेशन करणारे सर्जनच पंधरा दिवसांचं शिक्षण घेऊन ती चालवायला लागले. त्यांना ती खरंच येते का हे तपासायचं काम आमच्या संघटनेने चौघांवर टाकलं होतं. कोल्हापूर, नाशिक, ठाणे ही नावं इतरांनी आधीच उचलली. मी बैठकीला उशिरा पोचले, म्हणून परभणी माझ्या वाट्याला आली. आता मागे वळून बघताना वाटतं, आयुष्यात इतका फायद्याचा उशीर मी दुसरा केलेला नाही.

परभणी

मनमाडला गाडी बदलून मी परभणीला उतरले तेव्हा पौषातली थंडी होती. मराठवाड्यात थंडी असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी पुण्याहून दोन सुती साड्या आणि एक नावाला शाल घेऊन गेले होते. स्टेशनबाहेर शेकोटीभोवती बसलेल्या टांगेवाल्यांनी मला न विचारता जागा करून दिली, आणि पुढची दहा मिनिटं कोणी "कुठं जायचं" असंही विचारलं नाही. पुण्यात आधी पत्ता विचारतात आणि मग भाडं नाकारतात. इथे आधी ऊब मिळाली.

दुसऱ्या दिवशी एसटीने गंगाखेडला निघाले. बसस्टँडच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत 'नामांतर झालेच पाहिजे' लिहिलं होतं, त्याच्याखाली ते खोडायचा प्रयत्न दिसत होता, आणि खोडलेल्यावर पुन्हा गिरवलेलंही दिसत होतं. माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी मी ते वाचतेय हे पाहिलं आणि इतकंच म्हणाले की बारा वर्षं झाली, भिंत झिजली पण गोष्ट संपली नाही. मग त्यांनी पिशवीतून बोरं काढून माझ्या ओंजळीत ओतली. रस्त्याला दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, आणि साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांमागे आमची बस बैलांच्या चालीने चालली होती.

गंगाखेडचे सर्जन डॉ. कदम मला घ्यायला स्वतः स्टँडवर आले होते. वय चाळिशीचं, अंगाने आडवे, हाताची बोटं मात्र शिंप्यासारखी बारीक. त्यांच्या दवाखान्यात यंत्र आलं त्याची हकिगत त्यांनी चालता चालता सांगितली. गावाने घरटी वर्गणी काढून ते घेतलं होतं आणि एका विश्वस्त मंडळाकडे ठेवलं होतं. मंडळाची अट सरळ होती. पुण्याची परीक्षा डॉक्टर पास झाले तर यंत्र गंगाखेडला राहील, नापास झाले तर ते परभणीला जाईल.

"तसं झालं तर पालमकडच्या माणसानं दुखतं पोट धरून दोन गाड्या बदलायच्या," ते म्हणाले. "आत्ता एक बदलावी लागतीय."

माझ्या पर्समध्ये परीक्षेचा छापील कागद होता. दहा रुग्ण, प्रत्येकाचं अख्खं पोट मी बघायचं आणि सर्जननेही बघायचं, दोघांनी आपापलं उत्तर वेगळं लिहायचं, आणि मग जुळवायचं. दहापैकी आठ जुळले तर पास. खरं उत्तर म्हणजे परीक्षकाचं उत्तर, असं त्यावर स्पष्ट छापलं होतं. तो मजकूर ठरवणाऱ्यांत मी होते, त्यामुळे त्यात काही चुकलंय असं मला वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

गंगाखेड, एकादशी

सकाळी आठला दवाखान्याच्या ओसरीवर दहाही रुग्ण हजर होते. रात्रीपासून काही खायचं नाही, असं डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं होतं. त्याचं कारण असं, की पित्ताशय ही पिशवी रिकाम्या पोटी भरलेली असते आणि यंत्रावर नीट दिसते. माणसाने तेलातुपाचं काही खाल्लं की ती पिळून रिकामी होते, आणि मग आत खडा आहे की नाही हे देवालाच ठाऊक.

पहिल्या बाईचं पित्ताशय मला दिसेना. दुसऱ्या गृहस्थांचंही दिसेना. मला वाटलं, यंत्र भंगार आहे. डॉ. कदमांनी पोटावर तेल चोपडलं, करडीचं घरचं तेल, तेही स्टोव्हवर कोमट केलेलं. शहरातून येणारी जेली संपली की महिना महिना मिळत नाही, म्हणून त्यांनी हा तोडगा काढला होता, आणि मला कबूल करायला हवं, चित्र तितकंच स्वच्छ येत होतं. फक्त खोलीत भजी तळल्याचा वास यायचा आणि मला सारखी भूक लागायची. त्यांनीही फिरवून फिरवून बघितलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, पित्ताशय मिटलंय. हे खाऊन आलेत."

मी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. परीक्षेला बसलेला माणूस न दिसल्याचं खापर रुग्णावर फोडतोय असं मला वाटलं. तिसऱ्या होत्या पालमकडच्या सोनाबाई, सत्तरीच्या, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. त्यांचंही मिटलेलं निघालं. आजी, काय खाल्लंत, असं मी जरा जोरातच विचारलं. आजीने गोदावरीकडे हात करून शपथ घेतली की रात्रीपासून अन्नाचा कण पोटात गेलेला नाही. आज एकादशी, आज अन्न कसं खाणार? सकाळी फक्त वाटीभर भगर, वर दाण्याची आमटी, दोन रताळी आणि दाण्याचा एक लाडू. तेवढाच फराळ.

मग मी ओसरीवर जाऊन एकेकाला विचारत गेले. दहाही जणांची एकादशी होती. दहाही जणांनी काहीही न खाता शेंगदाणे खाल्ले होते.

एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण माझ्या घरी दर पंधरवड्याला म्हटली जाते, आणि दर पंधरवड्याला माझ्या घरी साबुदाणा भिजतो. तरी परीक्षेची तारीख मीच काढली होती, पुण्यात टेबलाशी बसून, कॅलेंडर समोर टांगलेलं असताना. डॉक्टरांना मी विचारलं की तुम्हाला तारीख बघताच कळलं नाही का. ते म्हणाले, कळलं होतं, पण वरून आलेल्या तारखेला नाही कसं म्हणायचं. वाटलं, पुण्याकडं कडकडीत धरत असतील. मला हसू फुटलं, मग त्यांना, मग ओसरीला. सोनाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

उद्या या, असं मी जाहीर केलं, आणि नवीनच पेच उभा राहिला. उद्या बारस. एकादशी धरणाऱ्याने बारशीला सकाळीच उपास सोडायचा असतो. उद्या नऊ वाजेपर्यंत उपाशी राहायला कोणी तयार होईना. सोनाबाईंनी निकाल दिला, "बारस सोडल्याबिगर मी पोट दाखवनार न्हाई, आन् सोडल्यावर तुमाला दिसनार न्हाई. मग आमी पहाटंच येताव." असा सोपा तोडगा परीक्षकाला सुचला नव्हता. पहाटे पाच ठरले. वीज दहाला जाते आणि चारला येते, त्यामुळे तेही सोयीचं होतं.

रिकाम्या दिवसाचं काय करायचं हा प्रश्न गंगाखेडमध्ये पडत नाही. डॉक्टरांनी मला घाटावर नेलं. गोदावरीचं पात्र ऐसपैस, पाणी मधोमध एका बाजूला सरकलेलं, आणि वाळूत बायकांच्या ओल्या लुगड्यांच्या लांबच लांब ओळी वाळत होत्या. तिथून त्यांच्या भावाच्या शेतावर हुरडा. ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजून, हातावर चोळून, फुंकून माझ्यापुढे येत होती, सोबत लसणाची चटणी, गूळ आणि दही. भाजणाऱ्या भावाची एकादशी होती. तो तासभर दुसऱ्यासाठी कणसं चोळत बसला आणि स्वतः एक दाणा तोंडात टाकला नाही. पुण्यात आम्ही उपाशी माणसासमोर खायला लाजतो. इथे उपाशी माणूस तुम्ही कमी खाल्लं तर रागावतो. मी त्याला अजिबात रागावू दिलं नाही.

संध्याकाळी वीज आली आणि रझिया सिस्टरने मला यंत्राच्या खोलीत बोलावलं. या पन्नाशीच्या नर्सबाई म्हणजे डॉक्टरांचा उजवा हात. डॉक्टर रोज सराव कसा करतात ते त्यांना मला दाखवायचं होतं. रबरी हातमोज्यात पाणी भरायचं, त्यात काहीतरी टाकून तोंड बांधायचं, तो मोजा पाण्याच्या बादलीत सोडायचा, आणि डॉक्टरांनी वरून यंत्र फिरवून आत काय आहे ते ओळखायचं. मोजा सिस्टर भरत, म्हणून आधी कळायची सोय नव्हती. भिंतीला एक वही टांगलेली होती. तिच्यात दोनच रकाने होते, 'दिसलं' आणि 'निघालं'. ऑपरेशनच्या रुग्णांसाठीही तीच वही. आधी काय दिसलं ते लिहायचं, पोट उघडल्यावर काय निघालं ते शेजारी लिहायचं. जिथे दोन्ही जुळत नव्हतं तिथे डॉक्टरांनी स्वतःच लाल पेन्सिलीने रेघ मारली होती. सुरुवातीची पानं लालेलाल होती.

"मॅडम, तुमी बी बघा की," सिस्टर म्हणाल्या, आणि मोजा बादलीत सोडला.

मी पंधरा वर्षांच्या अनुभवाने ऐटीत बघितलं आणि सांगितलं, एक खडा, गोल, साधारण सुपारीएवढा. सिस्टरनी मोजा फोडला. एकमेकांना चिकटलेले दोन चिंचोके बाहेर आले. त्यांनी अत्यंत अदबीने वही माझ्यापुढे धरली आणि लाल पेन्सिल हातात दिली.

गंगाखेड, बारस

पहाटे पाचला ओसरीवर दहा घोंगड्या बसल्या होत्या आणि प्रत्येकीशेजारी फडक्यात बांधलेली बारशीची शिदोरी. या वेळी पोटं खरीखुरी रिकामी होती. आधी मी बघायचं, मग मी बाहेर जायचं आणि डॉक्टरांनी बघायचं, असं सगळं कडक शिस्तीत चाललं. आठच्या आत दहाही पोटं झाली आणि आम्ही कागद समोरासमोर ठेवले.

सात जुळले. तीन जुळले नाहीत. एकाच्या पित्ताशयातला बारीक खडा डॉक्टरांकडून सुटला होता. एका बाईचं स्वादुपिंड मला सुजलेलं दिसलं होतं आणि त्यांनी प्रामाणिकपणे 'दिसलं नाही' लिहिलं होतं. तिसरा ज्ञानोबा. तिशीचा ऊसतोड कामगार, कोल्हापूरकडच्या फडातून ताप आणि पोटदुखी घेऊन परत आलेला. त्याच्या काळजात, म्हणजे यकृतात, मला घट्ट गाठ दिसली होती, आणि मी लिहिलं होतं, बहुधा कर्करोग. डॉक्टरांनी लिहिलं होतं, पू.

आठ हवे होते. सातच झाले. आपला निकाल लागला हे डॉ. कदमांना कळलं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढून यंत्राची काच पुसली, अगदी कोपऱ्यांपर्यंत, आणि मला ते बघवेना.

मग ते म्हणाले, "मॅडम, यंत्राचं ऱ्हाऊ द्या. पन ज्ञानोबाला कर्करोग सांगून घरी धाडायच्या आधी एक सुई घालून बघू का? असले ताज्या पुवाचे लोक आमच्याकडं लय येतात. सुरुवातीला तो पू गाठीसारखाच दिसतो."

मला खरं तर राग आला होता. माझ्या कागदावर सुईला रकाना नव्हता. पण ज्ञानोबाची बायको दारात उभी होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, डॉक्टरांकडे बघत होती. मी हो म्हटलं. ज्ञानोबाला समजावून, जागा बधिर करून, मी यंत्र धरलं आणि डॉक्टरांनी माझ्या चित्रावर नजर ठेवून सुई आत सरकवली. दाट, चॉकलेटी रंगाचा पू नळीत भराभरा वर चढला. कर्करोग नव्हता. हा माणूस औषधांनी महिन्याभरात चालता फिरता होणार होता.

मी चुकले होते, आणि मला इतका आनंद झाला की मी ज्ञानोबाच्या बायकोला मिठीच मारली. तिला वाटलं, पुण्याकडे असंच करतात, म्हणून तिनेही मला घट्ट धरलं. मी कागदावर माझंच उत्तर खोडलं, डॉक्टरांच्या उत्तराला बरोबरची खूण केली आणि बेरीज बदलली. आठ.

अभिनंदन करायला हात पुढे केला तर त्यांनी तो घेतला नाही.

"सोनाबाईची खूण खोडा," ते म्हणाले.

मला कळेना. सोनाबाईंचं उत्तर आमचं दोघांचं एकच होतं. डाव्या मूत्रपिंडाच्या तोंडाशी खडा आणि त्यामुळे आलेली सूज.

"मला त्यांचं मूत्रपिंड दिसलंच न्हाई. आतड्यातली हवा मधी आली. पन आजीनं मागच्या आठवड्यात सांगितलं व्हतं, डावी कूस दुखती आन् लघवीतून रेती जाती. त्यावरनं मी लिहिलं. परीक्षा डोळ्याची व्हती, मॅडम. ते कानानं लिहिलेलं हाय."

पुण्यात विद्यार्थ्यांच्या परीक्षाही मी वर्षानुवर्षं घेतल्यात. वाढवून मागितलेले गुण मी पुष्कळ ऐकलेत, रडून मागितलेले, ओळखीने मागितलेले. गुण कापा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते, आणि त्या गुणावर त्याचं यंत्र लटकलेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी खिडकीकडे गेले. मग म्हटलं, मूत्रपिंडाला उपाशी पोट लागत नाही. पुन्हा बघा, माझ्यासमोर.

सवानऊ झाले होते आणि दहाला वीज जाणार होती. आम्ही ओसरीवर धावलो तर नदीवर अंघोळ करून आलेल्या सोनाबाईंनी नुकतीच शिदोरी सोडली होती. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, वांग्याचं भरीत, गुळाचा खडा. आजी, दोन मिनिटं आत चला, असं डॉक्टर म्हणाले. आजीने मान हलवली. बारस सोडताना मधे उठत नाहीत, आणि कुणाला घास दिल्याशिवाय सोडतही नाहीत. समोर दोन डॉक्टर आयतेच आले होते. आम्हाला बसवण्यात आलं. मी घाईघाईने गिळायला लागले तर आजीने दुसरी भाकरी वाढली. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते, सिस्टर विजेच्या दिव्याकडे, आणि आजी दात नसलेल्या तोंडाने भाकरीचा एकेक तुकडा भाजीत भिजवून, नीट चघळून खात होत्या. तशा घाईतही सांगते, मेथी अप्रतिम होती.

पावणेदहाला आजी हात धुऊन टेबलावर निजल्या. जेवणाने पोटातली हवा आणखीच वाढली होती. डॉक्टरांनी समोरून बघितलं, काही नाही. बाजूने बघितलं, नुसता पांढरा धूर. मला उत्तर माहीत होतं, मी पहाटे ते मूत्रपिंड कसं गाठलं तेही माहीत होतं, आणि तोंड बंद ठेवणं मला आयुष्यात इतकं जड कधी गेलेलं नाही. दहा मिनिटं उरली. डॉक्टर थांबले. त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं, आजीला उजव्या कुशीवर वळवलं, कुशीखाली घोंगडीची वळकटी दिली आणि पाठीकडून, शेवटच्या बरगडीखाली, कोमट तेल लावून पुन्हा हात टेकला.

"श्वास घ्या आजी. धरून ठेवा."

धूर सरला. काळ्या पाण्याने फुगलेलं मूत्रपिंड समोर आलं, आणि त्याच्या तोंडाशी पांढराशुभ्र खडा, मागे सावली टाकून बसलेला. डॉक्टरांनी फक्त हात स्थिर धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी खूण केली, बेरीज केली, खाली सही केली. रझिया सिस्टरनी पदराने डोळे पुसले आणि लगेच आजीच्या पाठीवरचं तेलही त्याच पदराने पुसलं.

आजी उठून बसल्या आणि काय झालं म्हणून विचारायला लागल्या. मी सांगितलं, "आजी, तुमचे डॉक्टर पास झाले."

सोनाबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं, लहान लेकराकडे बघावं तसं.

"त्यो तर कवाच झालाय," त्या म्हणाल्या. "माज्या लेकाचं पोट फाडून नीट शिवलं त्या दिशीच. तुमी यवढ्या लांबून कागद घेऊन आलाव, म्हनून म्या तीनदा निजले."

मग त्यांनी शिदोरीचं फडकं झटकलं, उरलेली भाकरी माझ्या हातात ठेवली आणि पालमची गाडी गाठायला निघाल्या.